शतावरीचं आळं

लग्नाआधी मला शतावरी माहीत नव्हती. हॉलवरच्या लग्नांत पुष्पगुच्छात गुलाबांच्या मागे जी जाळीदार हिरवी पानं खोचलेली असतात, ती तिच्याच जातीतली, हे मला फार नंतर कळलं. साहेब लोक तिच्या एका चुलत बहिणीचे कोवळे कोंब उकडून लोणी लावून खातात, ही बातमी माझ्या नवऱ्याने कंपनीच्या गेस्ट हाऊसमधल्या आचाऱ्याकडून आणली होती. आमच्या घरात ती शोभेसाठी आली नाही आणि खाण्यासाठीही नाही. ती माझ्या दुधासाठी आली. माझ्या अंगावर दूध नव्हतं आणि त्यापायी आमची पहिली मुलगी गेली, असं आम्ही तिघंही धरून चाललो होतो. तिघं म्हणजे मी, नवरा आणि सासूबाई.

आम्ही विक्रोळीला हाऊसिंग बोर्डाच्या इमारतीत तळमजल्यावर राहायचो. तळमजला म्हणजे वरच्यांचं सांडपाणी, वरच्यांचा कचरा आणि सगळ्यांचे उंदीर. पण त्या बदल्यात मोरीच्या दारामागे, कंपाउंडच्या भिंतीपर्यंत, दोन-अडीच हात रुंद आणि खोलीएवढी लांब जमीन आम्हाला वापरायला मिळाली होती. कागदोपत्री ती आमची नव्हती. तरी तळमजल्यावरचे सगळे ती आपलीच समजत आणि वरचे त्यावरून कुरकुर करत. आमच्या तुकड्यात मोरीच्या पाण्यावर अळू माजलेलं असायचं, कोपऱ्यात कढीपत्ता आणि डब्यात तुळस. त्याला आम्ही बाग म्हणायचो. हसू नका, विक्रोळीत तेवढ्याला बागच म्हणतात.

पहिलीच्या वेळी मी बावीस वर्षांची होते. म्युनिसिपालिटीच्या प्रसूतिगृहात बाळंत झाले, सगळं नीट झालं, मुलगी चांगली होती, जरा बारीक पण आवाज खणखणीत. सासूबाई मालवणकडच्या, चार मुलं वाढवलेल्या, त्यामुळे सगळी सूत्रं त्यांनीच ताब्यात घेतली. पहिले तीन दिवस जे पिवळं, दाट दूध येतं, त्याला आमच्याकडे चीक म्हणतात. चीक जड असतो, बाळाला पचत नाही, पोटात दुखतं, असं सगळ्या बायका सांगायच्या. सासूबाईंनी तो मला पिळून कापसात टाकायला लावला आणि मुलीला बोट बुडवून मध आणि गुळाचं पाणी चाटवलं. त्यांच्या चारही मुलांना असंच केलं होतं, माझ्या आईनेही आम्हाला असंच केलं होतं. मी विचारलं नाही. पहिलटकरणीने विचारायचं नसतं.

त्या वॉर्डात एक नर्स होत्या. त्या आमच्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर राहायच्या, अकोल्याकडच्या, बौद्ध. दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात त्या सासूबाईंशी काहीतरी बोलताना मी पडल्या पडल्या पाहिलं. सासूबाईंनी मान वळवली आणि आत आल्या. मला वाटलं, वेळेवरून काही झालं असेल, कारण भेटायच्या वेळेनंतर त्या थांबायच्या. सासूबाई त्या नर्सबाईंकडचा चहा कधी घ्यायच्या नाहीत. का, हे कोणी कोणाला विचारत नव्हतं, कारण सगळ्यांना माहीत होतं. मीही कधी विचारलं नाही, हे इथे लिहून ठेवते.

चौथ्या दिवशी छाती दगडासारखी कडक झाली, ताप आला, आणि मुलगी तोंड लावायला तयार नाही. ती बोट चोखायला शिकली होती. मग हळूहळू सगळं ओसरलं. काष्ठौषधीच्या दुकानातून शतावरीची पावडर आणली, हळीव, खसखस, सुका बांगडा, कोणी काय सांगेल ते खाल्लं. थेंब थेंब यायचं आणि ती चिडून रडायची. शेवटी बाटली आली. म्हशीचं दूध, निम्मं पाणी. एकदा दुपारी मी तिला सासूबाईंच्या मांडीवर टाकून म्हटलं होतं की घ्या तुमची नात, मला नाही जमत. त्यानंतर मी भिंतीकडे तोंड करून झोपले.

दीड महिन्याची असताना तिला जुलाब लागले. दोन दिवसांत ती एवढीशी झाली. याहून जास्त मी लिहिणार नाही.

मे महिन्यात सासूबाई गावी गेल्या आणि परत येताना फणसाच्या गऱ्यांच्या डब्याबरोबर ओल्या गोणपाटात गुंडाळलेला एक गड्डा घेऊन आल्या. खाली बोटाएवढी पाच-सहा पांढुरकी मुळं, वर दोन काटेरी कोंब. दुकानातली पावडर म्हणजे भुसा, असं त्यांनी जाहीर केलं. त्यात काय काय घालतात, किती वर्षं पडलेली असते कोणास ठाऊक. मुळी आपल्या हाताने लावलेली हवी, आपल्या जमिनीतली हवी आणि तिच्यावरून दोन पावसाळे गेलेले हवेत. त्याआधी काढली तर तिच्यात काही नसतं, पाणचट लागते. दोन पावसाळे झाले की थंडीत काढायची, सोलायची, आतला दोरा ओढून टाकायचा, वाळवायची, कुटायची आणि दुधात शिजवून बाळंतिणीला द्यायची. मग बघ, म्हणाल्या.

मला त्या वेळी परत पोर नकोच होतं. मी तसं बोललेही. सासूबाई म्हणाल्या की आत्ता कोण म्हणतंय, झाड तर लावू. त्यांच्या बोलण्यात एवढा समजूतदारपणा मी तोवर पाहिला नव्हता, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा रागच आला. माझी मुलगी गेली तेव्हापासून त्या माझ्याशी फारच चांगलं वागायला लागल्या होत्या.

मागच्या जागेत कुदळ मारली तर माती कमी आणि इमारत बांधताना टाकलेलं विटांचं डबर जास्त. नवऱ्याने दोन रविवार घालवून कमरेएवढा खड्डा खणला, डबर बाहेर फेकलं आणि पार्कसाईटच्या डोंगरावरून गोणी गोणी लाल माती आणून भरली. माझा नवरा कंपनीत मेंटेनन्सला होता. कुठलीही गोष्ट पक्की केल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही. त्याने झाडाभोवती विटांचं गोल आळं बांधलं आणि वरून सिमेंटचा गुळगुळीत हात फिरवला. एक थेंब बाहेर जाणार नाही, म्हणाला. अख्ख्या इमारतीत असं आळं नव्हतं. वरच्या बायका गॅलरीतून बघून गेल्या. सासूबाईंनी झाड लावलं, हळदकुंकू वाहिलं आणि मला बजावलं की अडचणीच्या दिवसांत तू इकडे फिरकायचं नाहीस आणि एरवीही पाणी मीच घालेन, तुझा हात नको. तुझा हात नको, हे त्यांनी सहज म्हटलं असेल. मला ते लागलं. माझ्या हाताने काही जगत नाही, असंच ते मला ऐकू आलं.

पहिल्या वर्षी वेल दोन हात चढला. दुसऱ्या वर्षी त्याने भिंत गाठली, कंपाउंडच्या काचांवरून पलीकडे गेला. पानं एवढी बारीक की लांबून हिरवा धूर दिसावा. पण हात घातला तर काटे. पावसाळा संपता संपता इवली इवली पांढरी फुलं आली आणि मोरीच्या वासावर मात करून गोड वास यायला लागला. त्याच सुमाराला मला कळलं की मला पुन्हा दिवस गेले आहेत. फाल्गुनात होणार होतं.

मी आनंदले नाही. मी बोटांवर महिने मोजले. दुसरा पावसाळा नुकताच संपत होता. थंडीत मुळी काढता येईल, संक्रांतीपर्यंत वाळेल, फाल्गुनात कामाला येईल. जमत होतं, जेमतेम जमत होतं. डोहाळे, ओटभरण, कोणाचं काय, मला एवढंच दिसत होतं की झाड तयार व्हायला हवं. ते तयार नसलं तर याही बाळाला बाटली, याही बाळाला पाणी घातलेलं दूध, आणि मग पुढचं सगळं मला पाठ होतं. मी रोज दुपारी जाऊन झाड बघायची. आठवड्यातून एकदा बोटाने माती उकरून मुळं किती जाड झाली ते चाचपायची आणि परत लोटून ठेवायची. नवऱ्याला ठाऊक नव्हतं, सासूबाईंना ठाऊक नव्हतं. तोंडावर मी म्हणायची की सोडा हो, झाडपाल्याने काय होतंय.

दिवाळीनंतर झाड पिवळं पडायला लागलं.

आधी टोकं, मग खालची पानं, मग सगळंच. हात लावला की भुसा गळावा तसं गळायचं. थंडीत शतावरी अशीच वरून वाळते, तो तिचा नेम आहे, वरचा सगळा जोम ती खाली मुळात नेते, हे मला आज कुठलाही नर्सरीवाला सांगेल. तेव्हा सांगायला कोणी नव्हतं. सासूबाईंनी गावी डोंगरावरची शतावरी काढलेली पाहिली होती, घरामागे वाढवलेली कधी पाहिली नव्हती. त्या रोज सकाळी पूजा झाली की एक तांब्या पाणी घालायच्या, सगळ्यांसमोर, मोजून. एक तांब्या. मला वाटायचं, ही बाई झाडाला तहानेने मारणार.

त्या वर्षी पाणी पहाटे दीड तास यायचं आणि तेही करंगळीएवढं. अंघोळीला माणशी एक बादली. मी माझ्यातली अर्धी बादली बाजूला ठेवायला लागले. चार वाजता सासूबाई भजनाला गेल्या की मोरीचं दार लोटून ती अर्धी बादली आळ्यात ओतायची. माती काळी होईपर्यंत बघत उभी राहायची आणि दार लावून घ्यायची. पोट पुढे आलेलं, बादली उचलताना कंबर धरायची, तरी एक दिवस चुकला नाही. अंग धुवायला पाणी कमी पडायचं म्हणून मी फडक्याने पुसून घ्यायची. झाड आणखी पिवळं पडलं. मी पाऊण बादली ओतायला लागले.

त्या दिवसांत घरात कोणी कोणाशी फारसं बोलत नव्हतं. भांडण नव्हतं, पण ज्याच्या त्याच्या मनात एकच गोष्ट होती आणि ती काढली तर आवरणार नाही, याची प्रत्येकाला धास्ती होती. सातवा महिना संपत आला आणि सासूबाईंनी सांगितलं की येत्या रविवारी मुळी काढायची.

औषधाची मुळी अशी उपटून आणायची नसते. आदल्या संध्याकाळी तिला आमंत्रण द्यायचं असतं. सासूबाईंनी दिवेलागणीला आळ्याजवळ रांगोळीची चार बोटं ओढली, अक्षता आणि सुपारी ठेवली, हात जोडले. मी दारात होते. त्या झाडाला सांगत होत्या की उद्या सकाळी तुका न्हेऊक येतलंय, आमच्या घरात बाळ येतला हा, त्याच्यासाठी ये, रागावू नको. एवढ्या अजीजीने त्यांना देवाशीही बोलताना मी ऐकलं नव्हतं. नवरा खाटेवर पेपर वाचत होता. त्याने पान उलटलं नाही, एवढं माझ्या लक्षात आलं.

रविवारी सकाळी नवऱ्याने कुदळ घेतली. आधी विटा काढाव्या लागल्या, सिमेंट फुटेना. मग त्याने कडेने खणायला सुरुवात केली, मुळांना धक्का लागू नये म्हणून पुढे पुढे तर हातानेच. माती चिखलासारखी ओली होती. हातभर खाली गेल्यावर मुळांचा झुबका लागला. मुळं होती. खूप होती. शंभर मुळं म्हणून शतावरी म्हणतात, त्याहून जास्तच असतील. अंगठ्याएवढी जाड, एकावर एक, सगळ्या बाजूंनी. सासूबाईंच्या तोंडून देवाचं नाव निघालं. मी मटकन उंबऱ्यावर बसले, सुटल्यासारखं वाटलं मला.

नवऱ्याने एक मूळ धरलं आणि ते त्याच्या बोटांत फुटलं. आत काही नव्हतं. तपकिरी पाणी आणि वरचं साल. त्याने दुसरं धरलं, तेही. तिसरं. मग त्याने अख्खा झुबका वर ओढला तर सालंच सालं हातात आली आणि असा वास सुटला की मला उंबऱ्यावरच उलटी झाली. तो मातीत गुडघे टेकून एकेक मूळ दाबून बघत राहिला. एकही घट्ट नव्हतं. एखादं तरी, एखादं तरी, असं सासूबाई म्हणत होत्या आणि त्याही खाली बसून चिखलात हात घालत होत्या.

"मी घालायचो पाणी," नवरा म्हणाला.

आम्ही दोघींनी त्याच्याकडे पाहिलं. त्याने सांगितलं की पहाटे नळ आला की पहिली बादली तो आळ्यात ओतायचा, पानं पिवळी पडली तेव्हापासून, रोज. झाडपाल्यावर विश्वास नाही म्हणून चारचौघांत हसणारा माझा नवरा. मग मी माझं सांगितलं. मग सासूबाई बोलल्या. सकाळचा तांब्या तो देवाचा. दुपारी मी आडवी झाले की त्या तांदळाचं धुवण, डाळीचं धुवण आणि वर एक कळशी घालायच्या. तिघांनी, एका घरात, एकमेकांच्या पाठीमागे. आणि भोवती त्याचं ते पक्कं आळं, ज्यातून एक थेंब बाहेर जाणार नव्हता. कुठल्याही शहाण्या घरात एकाने दुसऱ्याला विचारलं असतं. आम्ही पाणी पाजून पाजून मारलं तिला.

"त्या दिवशी फर्स्ट शिफ्ट होती," नवरा अचानक म्हणाला. "बाटली उकळायला वेळ नव्हता. नळाखाली धुतली नुसती." त्याचं बोलणं झाडाबद्दल नव्हतं, हे कळायला मला क्षणभर लागलं. सव्वादोन वर्षं तो हे घेऊन कामावर जात होता आणि येत होता. मी त्याला तोंडावर अहो म्हणायची आणि मनात तो. त्या दिवशी मला त्याला काहीच म्हणता आलं नाही. मी त्याच्या चिखलाच्या हाताला धरून बसले. सासूबाई आमच्याकडे बघत होत्या आणि त्यांचा चेहरा असा झाला होता की मला वाटलं, यांना चक्कर येतेय. त्या उठल्या, हात धुतले आणि आत जाऊन पडल्या.

दोन दिवस त्या जेवल्या नाहीत. मी माझ्याच भीतीत होते, मला त्यांचं काही वाटलं नाही. दोन महिने राहिले होते आणि हातात काही नव्हतं. दुकानातून पावडर आणू, असं नवरा म्हणाला तर मी त्याच्या अंगावर ओरडले. पोट हलायचं आणि मला घाम फुटायचा. मी बाळाला मनात सांगायची की बाहेर येऊ नकोस, इथे आहेस तोवर तुला मिळतंय. असं कुठली आई सांगते? मी सांगितलं.

मंगळवारी संध्याकाळी सासूबाईंनी लुगडं बदललं आणि जिना चढून पहिल्या मजल्यावर गेल्या. त्या इमारतीत आठ वर्षं राहून त्या तो जिना कधी चढल्या नव्हत्या. तास झाला. परत आल्या तेव्हा नर्सबाई त्यांच्याबरोबर होत्या. सासूबाई माझ्यासमोर पाटावर बसल्या, खाली बघत.

"ह्या बायेन माका तेवा सांगलेला," त्या म्हणाल्या. "व्हरांड्यात. चीक टाकू नको, तोच पाज, मध-पाणी काय एक देऊ नको म्हणान. मियां आयकूक नाय. माका वाटला, हिका काय कळता. तुज्या दुधाक काय एक झाला नव्हता गो. मियां घालवलंय."

नवरा दारात उभा होता. मी नर्सबाईंना विचारलं की तुम्ही मला का नाही सांगितलंत, आधी नाही तर नंतर तरी. त्या म्हणाल्या, त्या वेळी सांगितलं ते घरातल्या मोठ्या माणसाला सांगितलं. नंतर काय सांगू? लेकरू गेल्यावर आईला असं सांगायचं असतं का? त्यांचं बरोबर होतं. मग त्यांनी पुढचं समजावलं. चीक टाकायचा नाही, बाळ झालं की तासाच्या आत छातीला धरायचं, दुसरं काही तोंडात घालायचं नाही, ते ओढेल तसं दूध येईल. मी ऐकत होते आणि एका शब्दावर माझा विश्वास बसत नव्हता. मुळीवर मी दोन वर्षं विश्वास ठेवला होता, तिची वाट लागलेली मी डोळ्यांनी पाहिली होती. आता नुसतं धरलं की येईल म्हणे.

सासूबाईंशी मी त्या दिवसापासून बोलले नाही. स्वयंपाक त्या करायच्या, मी जेवायची, ताट धुऊन ठेवायची. त्यांनी माफी मागितली नाही आणि मी दिलीही नसती. मागे खड्डा तसाच उघडा होता. नवऱ्याला तो बुजवायचा धीर झाला नाही.

फाल्गुनात मी त्याच वॉर्डात पुन्हा बाळंत झाले. मुलगीच झाली. नर्सबाईंची त्या दिवशी ड्युटी नव्हती, तरी आल्या. बाळाला पुसून त्यांनी सासूबाईंच्या हातात दिलं, मुद्दाम त्यांच्याच. त्यांनी तिला माझ्यापाशी आणलं, माझा गाऊन स्वतः बाजूला केला, स्वतः तिचं तोंड लावून दिलं. पिवळा चीक तिच्या ओठांच्या कडेला आला. सासूबाईंनी तो बोटाने टिपला आणि परत तिच्या तोंडात घातला.

पहिल्या दिवशी ती ओढायची, सोडायची, रडायची. दुसऱ्या दिवशी तेच. मी प्रत्येक वेळी मनात म्हणायची की झालं, संपलं, आता बाटली येणार. बाजूच्या खाटेवरची बाई मध चाटवत होती आणि तिचं बाळ शांत झोपायचं. माझा धीर सुटला. तिसऱ्या दिवशी दुपारी मी नवऱ्याला म्हटलं की बाटली घेऊन या, उकळून आणा. तो उठलाही. सासूबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. तो परत येऊन बसला.

चौथ्या दिवशी सकाळी मला जाग आली ती गाऊन ओला लागला म्हणून. मला वाटलं, पाणी सांडलं. चादर भिजली होती. मुलगी शेजारी झोपेतच तोंड हलवत होती. मी तिला घेतलं, तिने पकडलं आणि घटाघट, घशात अडकेपर्यंत, गिळण्याचा आवाज मला ऐकू येत होता. दुसऱ्या बाजूने आपोआप गळत होतं. एवढं दूध. मुळी नाही, पावडर नाही, खसखस नाही. नुसतं दूध.

मला आनंद व्हायला हवा होता. नवरा खाटेच्या पायाशी हसत होता आणि रडत होता, वॉर्डातल्या बायका हसत होत्या. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या हसत नव्हत्या. स्टुलावर बसून, माझ्या भिजलेल्या गाऊनकडे बघत होत्या, आणि मला जे कळलं होतं तेच त्यांनाही कळलं होतं. दोन महिने मी त्यांच्याशी बोलले नव्हते. हे मात्र त्यांच्याशिवाय कोणाला विचारणार?

"आई," मी म्हटलं, "तेव्हाही आलं असतं ना?"

त्यांनी पदर तोंडाला लावला.

"होय गो," त्या म्हणाल्या. "इला असता."

त्या उठून माझ्या खाटेच्या कडेवर बसल्या. मी त्यांना बसू दिलं. मुलीचं एका बाजूचं पिऊन झालं होतं. मी तिला दुसरीकडे घेतलं.